एकसष्ट

बालगृहाकडून आलेल्या पत्रात दोनच ओळी होत्या. ‘सदर बालिका मंदबुद्धी असल्याचे निदर्शनास येते. तरी तिची बुद्ध्यंक तपासणी करून अहवाल मिळावा, जेणेकरून तिला योग्य त्या संस्थेत वर्ग करता येईल.’ खाली अधीक्षिकांची सही, गोल शिक्का आणि बाल कल्याण समितीपुढची तारीख. ती पंधरा दिवसांवर आली होती.

मराठवाड्यातल्या या मुलींच्या बालगृहात मी दर मंगळवारी जाते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. आठवड्याचे बाकीचे दिवस माझं स्वतःचं क्लिनिक असतं. मुलीचं खरं नाव, गाव, तांडा, संस्था यांतलं काहीच इथे लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं तशी मनाई आहे, आणि कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं. इथे तिला शेवंता म्हणते.

७ जानेवारी २०२५. संस्थेच्या ऑफिसातच एका कोपऱ्यात टेबल लावलं होतं. शेवंता आली, दाखवलेल्या खुर्चीवर बसली आणि बसूनच राहिली. पाय जमिनीला टेकत नव्हते, हात मांड्यांखाली दाबलेले. मी कामत चाचणीची पेटी उघडली. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात बिने यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. आमच्याकडे बुद्ध्यंक म्हटलं की आजही बहुतेक वेळा तीच पेटी निघते. वयाप्रमाणे प्रश्नांच्या पायऱ्या असतात. मूल जिथवर चढतं त्यावरून त्याचं मानसिक वय काढायचं, त्याला प्रत्यक्ष वयानं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. प्रश्न मी इथे सांगत नाही, कारण ते बाहेर फुटले की चाचणीत जीव राहत नाही.

शेवंतानं काही प्रश्नांना एका शब्दात उत्तर दिलं, काहींना नुसती मान हलवली, बऱ्याच प्रश्नांना ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मानसिक वय आलं सहा वर्षं आठ महिने, म्हणजे ८० महिने. फायलीत वय लिहिलं होतं अकरा वर्षं, म्हणजे १३२ महिने. भागाकार करून आकडा आला ६१.

सत्तरच्या खाली, म्हणजे सौम्य बौद्धिक अक्षमता. पन्नास मिनिटांत काम झालं होतं आणि पत्रात मागितलेलं उत्तर हातात होतं. त्याच टेबलावर मी अहवालाचा मसुदा लिहायला घेतला. हे मी लपवणार नाही: त्या वेळी काळजीवाहिका मावशी आत आल्या नसत्या, तर तो अहवाल मी सही करून दिला असता.

‘‘जा बाळ, झालं,’’ असं मी शेवंताला दोनदा म्हटलं होतं आणि ती जागची हलली नव्हती. मावशींनी येऊन तिच्या खांद्याला हात लावला तशी ती उठली.

‘‘मॅडम, तिला हात लावून सांगावं लागतं. ऐकून न ऐकल्यावाणी करती,’’ मावशी म्हणाल्या. मग दारातनं मागं वळून, ‘‘अन् तिच्या उशीचा अभ्रा बघा एकदा. रोज पिवळा डाग असतोय.’’

‘‘कोणत्या कानाखाली?’’

‘‘दोन्हीकडं. दोन्ही कान फुटल्यात की तिचे.’’

मसुदा मी फाडला नाही. त्यावर तारीख घालून मोठ्या अक्षरात ‘अपूर्ण’ लिहिलं आणि फायलीत ठेवून दिला. तो आजही तिथेच आहे.

अधीक्षिकांकडे मी आणखी चार बैठका मागितल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि ती का पडली हे मला कळत होतं. पन्नासच्या आसपास मुली, समुपदेशकाची जागा रिकामी, आणि समितीपुढे प्रत्येक फाईल वेळेत नेण्याची जबाबदारी त्यांच्यावर. मूल समितीपुढे आलं की सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत, असं कायदा सांगतो. शेवंताचे दीड महिने आधीच गेले होते. पण त्याच कायद्याखालच्या नियमांत प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी आराखडा आहे. आरोग्य, शिक्षण, मनाची अवस्था, नाती, मुलाचं स्वतःचं म्हणणं हे सगळं त्यात यायला हवं. बुद्ध्यंकाच्या एका आकड्यावरून मूल हलवावं, असं त्यात कुठेही नाही. बौद्धिक अक्षमतेच्या निदानालाही नुसता आकडा पुरत नाही. रोजच्या जगण्यातली कौशल्यंही वयाच्या मानानं कमी आहेत, हे दाखवावं लागतं. अधीक्षिकांनी समितीला पत्र लिहून तारीख वाढवून घेतली. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

आता खरी सुरुवात झाली. ती मी आधीच करायला हवी होती: फाईल पहिल्या पानापासून वाचली.

नोव्हेंबरअखेर एका बसस्टँडवर दोन मुलं सापडली. एक मुलगी आणि तिच्या कडेवर अडीच वर्षांचा मुलगा. दोन रात्री ती तिथेच होती. कुणीतरी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला, पोलीस आले, दुसऱ्या दिवशी दोघं समितीपुढे. सहा वर्षांखालचं मूल शिशुगृहात जातं, म्हणून भाऊ शिशुगृहात आणि ही बालगृहात. आदेश एकाच दिवशी निघाला, पण फायली दोन झाल्या. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’, वयाच्या रकान्यात ‘अंदाजे ११’. शिक्षण: ‘निरंक’.

संस्थेच्या नोंदवहीत तिच्याबद्दल तीन नोंदी होत्या: हाक मारली तर येत नाही, रात्री उठून बसते, अन्न चोरून ठेवते.

मंगळवारऐवजी मी गुरुवारी दुपारी गेले आणि कुणाशी न बोलता जेवणाच्या ओवरीत बसले. जेवणाची घंटा झाली. मुली उठल्या. शेवंता घंटेला उठली नाही. शेजारणीचे पाय हलले तशी उठली. ताट कसं घ्यायचं, कुठे बसायचं, सगळं ती समोरच्या मुलीकडे बघून करत होती, आणि इतकं हुबेहूब करत होती की दीड महिना कुणाला संशय आला नाही. ज्या मुलीला माझ्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं देता आली नव्हती, ती पन्नास मुलींच्या हालचाली वाचून दिवस काढत होती. जेवताना तिनं भाकरीचे दोन तुकडे केले, एक खाल्ला आणि दुसरा फ्रॉकच्या खिशात घातला.

कानांसाठी सिव्हिल हॉस्पिटल. तिथे दोन खेपा झाल्या, कारण पहिल्या दिवशी कान इतके वाहत होते की आधी औषध, मग तपासणी असं ठरलं. दोन्ही पडद्यांना भोकं. ऑडिओमेट्रीत दोन्ही कानांत मध्यम श्रवणदोष निघाला. मोठ्यानं, जवळून, समोर बघून बोललं तर बरंचसं पोचतं. टेबलापलीकडून नेहमीच्या आवाजात विचारलेला प्रश्न अर्धामुर्धा पोचतो. मी पन्नास मिनिटं टेबलापलीकडूनच बोलत होते, तेही पंख्याखाली बसून. रक्तातलं हिमोग्लोबिनही कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या.

मग भाषा. माझ्या प्रश्नांना तिचे ओठ काहीतरी पुटपुटायचे आणि मग ती गप्प व्हायची. जवळ बसून ऐकलं तेव्हा एक शब्द कळला: याडी. याडी म्हणजे आई, बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत. फायलीत ‘मराठी’ लिहिणाऱ्यानं तिला मराठीत विचारलं असणार आणि तिनं होकार दिला असणार. बालगृहात गोरमाटी बोलणारी एक मोठी मुलगी होती, पण एका मुलीचं दुःख दुसऱ्या मुलीच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं; संध्याकाळी त्या दोघी एकाच खोलीत झोपणार. मुलांच्या घरची चौकशी करणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यांनी दुसऱ्या तालुक्यातली एक बंजारा आशा ताई, म्हणजे गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती, शोधून दिली. तिला मी एवढंच सांगितलं की शेवंता जे म्हणेल तेच सांगायचं, सावरून घ्यायचं नाही, उत्तर सुचवायचं नाही. पहिल्या दिवशी चाचणीच घेतली नाही. आशा ताई शेवंताच्या उजवीकडे खाली सतरंजीवर बसली, मी समोर, आणि आम्ही तिघींनी शेंगा फोडल्या.

पुढच्या बैठकीत रेव्हनचे रंगीत नमुने काढले. यात बोलावं लागत नाही. चित्राचा एक तुकडा कापलेला असतो आणि खालच्या सहांतून तो ओळखायचा. छत्तीस चित्रं. पहिल्या दोन-तीन चित्रांत शेवंता माझ्या तोंडाकडे बघत होती. उत्तर माझ्या चेहऱ्यावर नाही, कागदावर आहे, हे कळल्यावर तिनं माझ्याकडे बघणंच सोडलं. वयाच्या मानानं ती नेमकी मध्यावर आली. नागपूरला आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी बेतलेल्या चाचणीतला फक्त कृतिभाग घेतला. तिथे ठोकळ्यांची नक्षी लावताना तिची बोटं सराईतासारखी चालत होती. शब्दांच्या भागाचा आकडा मी मुद्दाम काढला नाही. शाळेत न गेलेल्या, परक्या भाषेतलं अर्धंच ऐकू येणाऱ्या मुलीला ज्ञान आणि शब्दार्थ विचारून जो आकडा येईल तो तिच्या बुद्धीचा नसेल. अहवालात हे कारणासह लिहिलं.

यानंतरचं काम सगळ्यात जास्त शिकवणारं होतं. ते म्हणजे व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनश्रेणी. ८९ कलमं असतात: स्वतःचं खाणं-कपडे, बाहेर जाणं, पैसे, काम, लोकांशी वागणं. मुलाला चांगलं ओळखणाऱ्या माणसाला विचारून ती भरायची. आम्ही सहसा काळजीवाहिकेला विचारतो. मावशींनी मनापासून उत्तरं दिली. स्वयंपाकात मदत करते का? नाही, मुलींना चुलीकडे जाऊ देत नाहीत. दुकानातून काही आणते का? नाही, फाटकाबाहेर सोडत नाहीत. स्वतःचे पैसे? नाहीत. प्रत्येक ‘नाही’ खरा होता आणि प्रत्येक ‘नाही’ संस्थेचा होता. तसंच गुण मोजले असते तर सामाजिक वयही सहाच्या आसपास आलं असतं, कामत चाचणीशी चोख जुळलं असतं, आणि निदानाला लागणाऱ्या दोन्ही अटी कागदावर पूर्ण झाल्या असत्या. ‘करत नाही’ आणि ‘करू शकत नाही’ यांतला फरक संस्थेत वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत किती वेळा पुसला गेला असेल, हे मला त्या दिवसापासून सतावतं. माझ्या जुन्या अहवालांतही तो पुसला गेला असेल.

म्हणून तांड्यावर जायचं ठरलं. परिविक्षा अधिकारी गृहचौकशीला निघाले होते, मी त्यांच्याबरोबर गेले. जानेवारीत तांडा अर्धा रिकामा असतो. कुलुपं, म्हातारी माणसं, शेळ्या. जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला फडावर गेलेली. शेवंताची आजी दारातच भेटली. नात आणि नातू बापाजवळ फडावर आहेत, अशीच तिची समजूत होती. आमच्याकडून कळल्यावर ती खाली बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिनं सांगितलं. शेवंताची आई गेल्या हंगामात कोपीतच, फडावरच्या झोपडीतच, तापानं गेली. या हंगामाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, बापानं आधीच घेतलेली, म्हणून तो मुलांना घेऊनच निघाला. फडावर दोन मुलं सांभाळून निभेना, तेव्हा ओळखीच्या कुणाबरोबर त्यांना एसटीत बसवून दिलं. ‘‘हितं उतरवून घ्यायला कुनी आलं न्हाई म्हनून पोरगी पुढं गेली आसंल,’’ आजी म्हणाली. बापाकडे मोबाइल आहे, पण तो लागत नव्हता.

मी व्हाइनलँडची कलमं एकेक करून विचारली. आजी हसलीच. चूल पेटवते, पिठाच्या मुठी मोजून चौघांच्या बाटी करते, सकाळी आई-बाप फडात गेले की दिवसभर लहान्याला सांभाळते, त्याला ताप आला तर ओल्या फडक्यानं अंग पुसते, दुकानातून तेल-मीठ आणते आणि सुटे पैसे मोजून घेते. विशीनं मोजते, आजीसारखी. सामाजिक वय दहाच्या पुढे गेलं.

‘‘हिचं वय किती, आजी?’’

‘‘लातूरला रेल्वेनं पानी आलं बगा, तवा ही रांगत हुती.’’

तो एप्रिल २०१६. अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरात नोंद सापडली: जन्म ऑगस्ट २०१५. म्हणजे माझ्या पहिल्या बैठकीच्या दिवशी शेवंता अकरा वर्षांची नव्हती, नऊ वर्षं पाच महिन्यांची होती. एकशे तेरा महिने. तोच कागद, तीच अर्धवट ऐकलेली उत्तरं, तेच ऐंशी महिने. नुसतं वय बरोबर घातलं तर ६१ चे ७१ होतात. सत्तरची रेघ एका अंदाजानं ओलांडली गेली होती.

परतल्यावर चित्रांची बैठक झाली. घरचं चित्र काढ म्हटल्यावर शेवंतानं कोपी काढली, उलट्या व्ही सारखी, बाजूला मोळ्या. माणूस एकच: कडेवर मूल घेतलेली मुलगी. मुलगी कागदाच्या खालच्या कडेला, अगदी तळाशी. अशा चित्राचा एकच ठोक अर्थ सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, त्यामुळे मी तो काढला नाही. आशा ताईकडून फक्त विचारलं, हे कोण.

‘‘लहाना,’’ शेवंता म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं मला प्रश्न विचारला. तो गोरमाटीत होता, पण आशा ताईनं सांगायच्या आधीच मला कळला. लहाना कुठे आहे?

दीड-दोन महिन्यांत तिला हे कुणीही सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, मराठीत, नेहमीच्या आवाजात. खिशातली अर्धी भाकरी त्याच्यासाठी होती. रात्री ती उठून बसायची, कारण तो उठायचा त्या वेळी तिला जाग यायची. बसस्टँडबद्दल मी एकही प्रश्न विचारला नाही. काय झालं ते उकरून काढणं हा तपासणीचा भाग नाही, निदान पहिल्या महिन्यात नाहीच. तिनं होऊन एवढंच सांगितलं की सोबतचा माणूस ‘इथंच बस, आलो’ म्हणाला होता. मला माझ्या टेबलासमोरची ती खुर्ची आठवली.

त्याच दिवशी मी शिशुगृहाला फोन केला. भाऊ बरा होता. त्याचं वजन वाढलं होतं. आणि त्याची फाईल पुढे सरकत होती. सोडून दिलेलं मूल दोन वर्षांहून मोठं असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त आहे की नाही, याचा निर्णय समितीला घ्यावा लागतो. दोन महिने झाले होते. शेवंता दुसऱ्या जिल्ह्यातल्या ‘मतिमंद मुलांच्या बालगृहात’ गेली असती आणि भाऊ दत्तक गेला असता, तर प्रत्येक कागद नियमाप्रमाणे बरोबर असता.

अहवाल अकरा पानांचा झाला. समितीच्या एका बैठकीत किती फायली असतात ते मी पाहिलं आहे, म्हणून पहिल्या पानावर सगळं साध्या मराठीत एका पानात आणलं. बौद्धिक अक्षमतेचं निदान आज करता येत नाही. स्थलांतर करू नये. कानांचे उपचार, कान कोरडे राहिल्यावर शस्त्रक्रियेबाबत मत, गरज पडल्यास श्रवणयंत्र. वर्गात पहिल्या बाकावर जागा, आणि गोरमाटी येणारी शिक्षिका मिळाली तर उत्तम. स्वयंपाकघरात मावशींच्या देखरेखीखाली काम, कारण तिथे ती कुणाची तरी आहे. भावाची भेट दर आठवड्याला, पहिली भेट याच आठवड्यात. आजीला समितीपुढे बोलवावं. वर्षानंतर पुन्हा तपासणी.

समितीपुढे मला एकच प्रश्न विचारला गेला. ‘‘मॅडम, पण बुद्ध्यंक किती?’’

‘‘आज सांगता येण्यासारखा आकडा नाही.’’

‘‘रकान्यात काय भरायचं?’’

‘‘कानांच्या उपचारांनंतर पुनर्तपासणी, असं भरा.’’

अध्यक्षांनी पहिलं पान दोनदा वाचलं आणि भावाची फाईल मागवली. दोन्ही प्रकरणं एकत्र चालवायची आणि आजीचं म्हणणं ऐकल्याशिवाय मुलाबाबत पुढचं काही करायचं नाही, असा आदेश त्या दिवशी झाला. आजी आली, अंगठा दिला. तिचे गुडघे दुखतात, घर एका खोलीचं आहे, दोन मुलांचं करणं तिला झेपेल का, हा प्रश्न खराच आहे. बाल संगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मुलामागे मिळू शकतात, त्याचा अर्ज भरला आहे. बाप परत आल्यावर तो काय म्हणेल, तेही ऐकावं लागेल. मी लिहिते आहे तोवर अंतिम आदेश झालेला नाही.

एक काम उरलं होतं. ज्या मुलाची तपासणी झाली त्याला ती काय निघाली हे कुणी सांगत नाही. मीही पूर्वी सांगत नसे. मी आशा ताईला पुन्हा बोलावलं आणि शेवंताच्या समोर, जवळ बसून, तोंड तिला दिसेल असं, एकेक पान सांगितलं. कान दुखतात म्हणून ऐकू येत नाही, ते बरे करायचे आहेत. चित्रं तू छान ओळखलीस. आजी भेटली. तू साडेनऊ वर्षांची आहेस. हे शेवटचं ऐकून तिला मजा वाटली, तिनं ते बोटांवर मोजलं.

मग तिनं विचारलं, हे कागद लहान्याकडे पण जाणार का?

पहिल्या पानाच्या वर फायलीचा नंबर लिहायला एक चौकट असते. त्यात तिचा नंबर होता. मी पेन काढलं आणि तिच्यादेखत, त्याच चौकटीत, खाली भावाचा नंबर लिहिला. तिला वाचता येत नाही. पण नंबर दोन झाले, हे तिनं बोट ठेवून पाहिलं.